तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधली फेरनियुक्ती

मानपत्रं लिहिण्याचं काम मला कोणी दिलं नाही, ते मला चिकटलं. आमच्या शहरी गृहनिर्माण मंडळाच्या ठाण्यातल्या कार्यालयात मी सभा विभाग सांभाळत असे. विषयपत्रिका काढायची, नोटिसा पाठवायच्या, सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि त्यातलं जे बोललं गेलं नव्हतं असं नंतर ठरे ते गाळायचं. मला वाचनाची सवय आहे हे एकदा कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि तेव्हापासून मंडळातला प्रत्येक माणूस माझ्या शब्दांत निवृत्त होऊ लागला.

मानपत्राचं एक बरं असतं, त्यात खरं लिहावं लागत नाही. कधीच वेळेवर न आलेला माणूस 'घड्याळाच्या काट्यांपलीकडे जाऊन' काम करणारा होतो. भांडखोर माणूस स्पष्टवक्ता होतो. ज्याच्याबद्दल काहीच आठवत नाही तो मनमिळाऊ. सोनेरी चौकटीत बसेल एवढा मजकूर, खाली सगळ्यांच्या सह्या, की झालं. मी ही मानपत्रं अर्ध्या तासात लिहायचे आणि मला त्याची लाजही वाटत नसे.

म्हणून अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावून, "ताई, बाईंसाठी एक छानसं मानपत्र लिहा. जरा मोठं लिहा," असं सांगितलं तेव्हा मी "हो साहेब" म्हणून वळणारच होते.

"कशाबद्दल लिहू?" मी दारातून विचारलं.

"निरोपाचं. मुदत संपतेय ना त्यांची या महिन्याअखेर."

बाई म्हणजे आमच्या मंडळावरच्या तज्ज्ञ सदस्य. इमारतींचं काम समजणारी एक तरी व्यक्ती मंडळावर असावी, असा नियम कोणीतरी शहाण्या माणसाने करून ठेवला होता, आणि त्या जागेवर बाई तीन वर्षं होत्या. आधी आयुष्यभर पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधलेल्या. राहायला नौपाड्यात, कार्यालयात चालत येत. सभेत त्या फार थोडं बोलत, पण बोलल्या की विषय पुढच्या सभेत ढकलावा लागे.

त्यांची एक पद्धत होती. मंडळाची नवी इमारत तयार झाली की ताब्यात घ्यायच्या आधी त्या तिथे एक लोखंडी कपाट मागवत. नवं नाही, कोणाच्या तरी घरातलं, तीन खणांचं, आरशाचं. दोन हमाल ते कपाट जिन्याने सगळ्यात वरच्या मजल्यावर नेत, आणि बाई मागून पाहत चालत. कपाट कुठेही न अडता वर गेलं आणि खाली आलं, तर इमारत पास. आपल्याकडे मुलीला लग्नात कपाट देतात, ते आयुष्यभर तिच्याबरोबर घरं बदलत फिरतं, आणि ज्या घरात ते शिरत नाही त्या घरात ती मुलगी पहिल्या दिवसापासून कष्टी असते, असं बाईंचं साधं म्हणणं होतं. यावरून कार्यालयात त्यांचं नाव कपाटबाई पडलं. त्यांना ते माहीत होतं.

"कपाट जात असेल तर बाकी सगळं जातं," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. "बाकी सगळं म्हणजे काय ते मी सभेत सांगत नाही. लोकांना अशुभ वाटतं."

वर्तकनगरच्या वसाहतीतल्या एका इमारतीत त्यांच्या या कपाटामुळे अख्खा कठडा मागे घ्यावा लागला होता. ठेकेदार महिनाभर कुरकुरला. राहायला आलेल्यांना आत काही घडून गेलंय याचा पत्ताही नव्हता. चांगल्या कामाचं हेच होतं, ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर फुलं कुठे वाहायची हे अध्यक्षांना कळत नसे.

आता प्रश्न डोंबिवलीच्या इमारतीचा होता. मोडकळीला आलेल्या चाळींतली माणसं तिथे जाणार होती. मूळ नकाशात जिना ऐसपैस होता. पण मंडळाने नेमलेल्या सल्लागारांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर अर्ध्या विटेची एक भिंत घातली, कारण नळाचे पाइप फोटोत वाईट दिसतात. कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडलं. बाईंनी फाइलवर लिहिलं: 'या भिंती काढाव्यात. पाइप दिसले तरी चालतील.' फाइल अध्यक्षांकडे गेली आणि तिथेच राहिली. बाईंच्या शेऱ्याशिवाय चाव्या वाटता येत नव्हत्या. पण महिनाअखेर बाईच नसणार होत्या, आणि त्यांच्या जागी येणार होते खुद्द ते सल्लागार. ते आपल्याच भिंतींना पास करणार, हे कळायला तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती.

सल्लागार तरुण, गोड बोलणारे गृहस्थ होते. वागळे इस्टेटमध्ये त्यांचं काचेचं ऑफिस होतं. त्यांनी मंडळाला एक चित्रफीत दाखवली होती. तिच्यात आमची डोंबिवलीची इमारत होती, तिच्यासमोर हिरवळ होती, हिरवळीवर सोनेरी केसांची एक बाई कुत्र्याला फिरवत होती. कोणाच्या खिडकीत कपडे वाळत नव्हते, कोणाच्या दाराशी चपला नव्हत्या. अध्यक्षांनी ती दोनदा पाहिली.

बाईंच्या फेरनियुक्तीची टिप्पणी मी तीन महिने आधीच वर पाठवली होती. आमच्याकडे मंडळाने ठराव केला की नियुक्ती होते, दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही. टिप्पणी परत आली नाही, पण तिच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा पडल्याचं कळलं. कार्यालयीन मराठीत याचा अर्थ, याबद्दल कोणी बोलू नये.

मी बोलले नाही. मानपत्र लिहायला बसले. आणि पहिल्यांदाच मला विशेषण सापडेना. कर्तव्यदक्ष लिहिलं, खोडलं. निगर्वी लिहिलं, खोडलं. हे शब्द इतक्या जणांना वाटून झाले होते की बाईंना ते देणं म्हणजे कोणाचीतरी उतरलेली शाल पुन्हा घडी करून देण्यासारखं होतं. शेवटी काहीतरी लिहून चौकटीला पाठवलं.

निरोप समारंभ आणि डोंबिवलीच्या नमुना घराचं उद्घाटन एकाच दिवशी, एकाच ठिकाणी उरकायचं अध्यक्षांनी ठरवलं. लोकांसाठी मंडप खाली, पण फीत आणि सत्कार वर, चौथ्या मजल्यावरच्या नमुना घरात. म्हणजे ज्या जिन्याबद्दल बाईंनी लिहिलं होतं, त्याच जिन्याच्या टोकाशी बाईंना निरोप. यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मी निमंत्रणपत्रिका छापून घेतली, मलाही दिसलं नाही असं मी दाखवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चौथ्या मजल्यावर पोहोचलो. लिफ्टची यंत्रं अजून यायची होती. अध्यक्ष, चार सदस्य, बाई आणि अध्यक्षांच्या टेबलावरून उचललेल्या डोंबिवलीच्या व बाईंच्या फाइलींची पिशवी घेऊन मी. वर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सोफा कुठाय?"

आपल्याकडे सोफ्याशिवाय कार्यक्रम होत नाही. लाल मखमल, सोनेरी नक्षीची पाठ, हातावर पांढरा टॉवेल. त्यावर बसणारा माणूस बोलायला उठेपर्यंत झोपलेला असला तरी चालतो, पण सोफा हवा. कल्याणच्या एका लग्नातून तो निघायला उशीर झाला होता. आम्ही वर उभे राहिलो, खाली मंडपात माणसं, फोटोग्राफर आणि सल्लागार. अखेर टेम्पो आला, आणि मंडपवाल्या काकांची दोन माणसं सोफा घेऊन जिना चढू लागली.

तिसऱ्या मजल्यापर्यंत तो कसा आला ते त्या माणसांनाच ठाऊक. प्रत्येक वळणावर भिंतीचा थोडा थोडा गिलावा घेऊन आला असणार. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर त्याची नक्षीदार पाठ भिंतीला टेकली, पाय कठड्यात गुंतले, आणि सोफा तिरका होऊन थांबला. वर जाईना, खाली जाईना.

"वाकवा थोडा," वरून एक सदस्य म्हणाले.

"सायेब, लाकूड हाय, भाकरी नाय," खालून काका म्हणाले.

मंडपवाले काका डोंबिवलीजवळच्या जुन्या गावातले. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, अध्यक्षांनाही नाही. ते सोफ्याच्या पलीकडून मान वर करून उभे होते. त्यांच्यामागे सल्लागार येऊन पोहोचले.

"सर, हा सोफा नॉन-स्टँडर्ड आहे!" सल्लागार ओरडले.

"सोफ्याला दोष देऊ नका," बाई वरच्या पायरीवरून शांतपणे म्हणाल्या. "तो नेहमीच्याच मापाचा आहे."

अध्यक्ष कपाळाचा घाम पुसत चार पायऱ्या खाली उतरले. "काका, काहीतरी करा. उभा करून बघा."

"सोफ्याचा काय नाय, सायेब. सोफा उभा करून नेईन. नायच गेला तं पाय कापीन." काकांनी भिंतीवर थाप मारली. "पन हितं मानसा रहायला येनार हायेत. कोन तरी आजारी परंल. कोन तरी मरंल. मानूस कसा उभा करून नेशील?"

खाली मंडपात कोणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं.

अध्यक्ष पायरीवर बसले. पांढऱ्या शुभ्र कपड्यांनिशी, सिमेंटच्या धुळीत. मी त्यांना आठ वर्षं पाहत होते, सोफ्याखेरीज कशावर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"आमच्या आईला खुर्चीत बसवून उतरवली होती," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "कल्याणला असताना. दवाखान्यात न्यायचं होतं, स्ट्रेचर वळेना. चार जणांनी खुर्ची धरलेली. ती सारखी म्हणत होती, मला धरा, मला धरा."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "ताई, बाईंनी या जिन्याचं काही लिहिलं होतं ना?"

फाइल पिशवीतच होती. मी वाचलं, "या भिंती काढाव्यात. पाइप दिसले तरी चालतील."

"एवढंच?"

"एवढंच, साहेब. खाली तारीख आणि सही."

"आणि ती दुसरी टिप्पणी? बाईंच्या फेरनियुक्तीची?"

"तीही आणली आहे. तिच्यावर आपला शेरा आहे, चर्चा करावी."

अध्यक्षांनी चार सदस्यांकडे पाहिलं. "मग करू या चर्चा. आत्ताच. सगळे आहोत ना इथे?"

सगळे होते. खाली जायला वाट नव्हती.

"तसं नाही करता येणार," बाई म्हणाल्या. "सभेला सात दिवसांची नोटीस लागते. नियम आहे. सात दिवसांत माझी मुदत संपते, पण त्याला इलाज नाही."

त्यांना स्वतःला हवं होतं की नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. पण त्यांचा हात कठड्यावर घट्ट होता, हे मला दिसलं.

आयुष्यभर मी सभेचे नियम झोपेत म्हणावेत इतके वाचले. इतर लोक कादंबऱ्यांत रमतात तेवढी मी त्या पुस्तिकेत रमले होते, कारण तिच्यात प्रत्येक वाक्याला काहीतरी अर्थ असतो. माझ्या वाचनाचा कोणाला काही उपयोग झाला असेल तर तो त्या क्षणी झाला.

"बाई, नोटिशीची अट आहे," मी म्हणाले. "पण सगळे सदस्य हजर असतील आणि सगळ्यांची संमती असेल, तर तातडीच्या विषयासाठी ती लागू नाही. त्याच नियमाचा पुढचा परिच्छेद. आणि सभा कुठे घ्यावी याबद्दल पुस्तिका काहीच म्हणत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नकाशातली चूक सापडली की जसं पाहत, तसंच, फक्त या वेळी चूक त्यांची होती.

"हा परिच्छेद मला माहीत नव्हता," त्या म्हणाल्या.

"कोणालाच नसतो," मी म्हणाले.

सहा जणांनी संमती दिली. मी पायरीवर बसून मांडीवर वही उघडली. पण बाई अजून उभ्याच.

"विषय माझा आहे. मी सभेत बसू शकत नाही. बाहेर जायला हवं."

"बाहेर कुठे जाणार? जिना बंद आहे," एक सदस्य म्हणाले.

"वर जाते," म्हणून बाई नमुना घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग पायऱ्यांवर बसलेल्या मंडळाची विशेष सभा सुरू झाली. खालून सल्लागारांचा आवाज आला, "सर, माझं प्रेझेंटेशन..." सोफ्याच्या फटीतून त्यांचा एक डोळा आणि अर्धा चष्मा दिसत होता.

"तुम्ही सभासद नाही, सभेत बोलता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. आणि मग, मला वाटतं, त्या दिवसापुरता त्यांनाही मजा येऊ लागली असावी, कारण पुढे म्हणाले, "कॅमेरा असेल तर चित्रफीत काढा. ही दाखवू पुढच्या वेळी."

काका हसले. त्यांची माणसं हसली. सदस्यही, आधी जपून आणि मग मोकळेपणाने.

चर्चा झाली. इतिवृत्तात मी ती सगळी लिहिली आहे, या वेळी काही गाळलं नाही. एका सदस्याने विचारलं की बाईंच्या हट्टामुळे कामं लांबतात त्याचं काय. दुसऱ्याने सांगितलं, "अहो, वर्तकनगरला माझी मेहुणी राहते. गेल्या वर्षी तिच्या सासऱ्यांना स्ट्रेचरवरून उतरवलं, दोन मिनिटांत. मला तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं." त्यांनी अडकलेल्या सोफ्याकडे बोट केलं. "त्यात हे एवढं होतं."

ठराव अध्यक्षांनी मांडला. विरोधात कोणी नाही, तटस्थ कोणी नाही. एकमताने मंजूर. काकांनीही सोफ्यामागून हात वर केला होता, तो मी मोजला नाही, पण पाहिला.

बाईंना बोलवायला मी वर गेले. दार ठोठावलं तर आतून आवाज आला, "अगं, जरा आत ये. हे बघ."

नमुना घरात मेणाची फळं होती, भिंतीवर धबधबा होता. बाई न्हाणीघरात, साडी पोटरीपर्यंत धरून उभ्या होत्या. कुठून तरी बादलीभर पाणी मिळवून त्यांनी ते फरशीवर ओतलं होतं, आणि पाणी जाळीकडे न जाता संथपणे बाहेर दिवाणखान्याकडे निघालं होतं.

"उतार उलटा आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या घरांत असाच असेल तर पंचाईत आहे. लिहून घे."

"बाई, ठराव झाला. एकमताने. आणखी तीन वर्षं."

त्यांनी हातातल्या निऱ्या खाली सोडल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदा माझा हात धरला, ओल्या हाताने, जोरात. पाणी आमच्या पायांवरून दिवाणखान्यात गेलं.

आम्ही जिन्यात आलो तेव्हा अध्यक्ष उभे राहून काकांना विचारत होते, "पहार आहे का?"

"मंडपवाल्याला इचारतोस पहार हाय का!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही भिंत भार घेत नाही, काढायला हरकत नाही. पण लेखी आदेश हवा."

त्यांनी निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या. अध्यक्षांनी खाली सही केली. त्या पत्रिकेच्या पुढच्या बाजूला 'भावपूर्ण निरोप' असं माझंच सोनेरी अक्षरातलं वाक्य होतं. आजही ती फाइलमध्ये लावलेली आहे, कोणालाही पाहता येईल.

"सर, पाइप दिसतील!" सल्लागार शेवटचं ओरडले.

"दिसू देत," अध्यक्ष म्हणाले, आणि पहिला घाव त्यांनीच घातला. तो नेम चुकून कठड्यावर बसला. मग काकांनी सोफ्यावरून हात घालून आपली पहार त्यांच्याकडून परत घेतली. अर्ध्या विटेची भिंत ती, पाच-सहा घावांत बसली. धूळ खाली बसल्यावर मागे राखाडी रंगाचे तीन पाइप उभे होते. मी इतकी वर्षं उद्घाटनं पाहिली, कात्र्या, फिती, समया. त्या पाइपांइतकं देखणं काही पाहिलं नव्हतं.

सोफा सुटला. काकांनी विचारलं, "वर नेऊ?" अध्यक्ष म्हणाले, "नको, खाली घेऊन जा." सगळे त्याच्यामागोमाग खाली उतरले. मंडपात माणसं वाट पाहत होती. त्यात चाळींमधली माणसंही होती, आणि ठराव काय झाला हे त्यांना सांगायचं काम अध्यक्षांनी माझ्यावर टाकलं. भाषण मी कधी केलं नव्हतं. मी म्हणाले, "बाई जात नाहीत. जिना मोठा होतोय." एक क्षण कोणाला काही समजलं नाही. मग मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या, आणि त्या लवकर थांबल्या नाहीत. त्या टाळ्या वाजवायला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या कार्यक्रमांत एरवी सांगावं लागतं.

बाईंना बोलायचा आग्रह झाला. त्या माइकपाशी गेल्या, म्हणाल्या, "न्हाणीघरांचे उतारही बघायचे आहेत," आणि जाग्यावर येऊन बसल्या.

फेरनियुक्तीचा आदेश दुसऱ्या दिवशी टाइप झाला. तो टपालाने जायचा असतो. मी हातात घेऊन नौपाड्यात त्यांच्या घरी गेले. दारातच त्यांनी तो उघडला, चष्मा वर करून अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि पोच म्हणून माझ्या प्रतीवर सही केली.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "बरंच काही होईल गं तेवढ्यात. कल्याणच्या दोन इमारतींचे पाये आता भरतायत ना? मग आत्ताच बघायला हवं, भिंती वर यायच्या आधी. उद्या सकाळी आठला निघू. तू येशील?"

सभा विभागाच्या माणसाने बांधकामावर जाण्याचं काही कारण नसतं. नियमांच्या पुस्तिकेत तसं कुठेही नाही. मी जरा आठवून पाहिलं, आणि जाऊ नये असंही कुठे नव्हतं.

"येते," मी म्हणाले.